कुठलं बसीन, दादा?

दादा,

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते नेमकं कशावरून होतं हेच मला आता कळेनासं झालंय. तुला जाऊन काल महिना झाला. या महिन्यात मी रडले कमी आणि गोंधळले जास्त. भेटायला येणारी माणसं 'भाऊ कसा गेला' म्हणून विचारतात, ते मला सांगता येतं. पण तू कुठला, तुझा जन्म कुठला, हे कुणी विचारू नये असं वाटतं. महिन्यापूर्वी ते मी छातीठोकपणे सांगितलं असतं.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी मी पहिल्यापासून सांगते, कारण मला ते अजून नीट लावता आलेलं नाही.

आपल्या पाचूबंदरच्या घरात गावाला सगळे वसईच म्हणायचे. बा म्हणायचा, आई म्हणायची, मासळीच्या पाट्या घेऊन बाजारात जाणाऱ्या शेजारच्या बायका म्हणायच्या. 'बसीन' हे इंग्रजी कागदावरचं नाव, आणि कागद आपल्या घरात फारसे येत नसत. घरात ते नाव तू एकटाच घ्यायचास. अगदी लहानपणापासून नाही. तू पहिल्यांदा बोटीवर गेलास आणि वर्षभराने परत आलास, तेव्हापासून. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. मला वाटलं, मोठ्या बोटीवर नोकरी लागली, गोऱ्या कप्तानाच्या हाताखाली काम करतो, म्हणून हा आता साहेबासारखं बोलतो.

मी शाळेत शिकवायला लागले आणि आपलं भांडण खरं जुंपलं. माझ्या बोलण्यातला 'ण' सरळ झाला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. तू सुट्टीवर आलास की ओट्यावर बसून शेजाऱ्यांची जाळी सांधून द्यायचास. मी समोर बसून तुला वर्गातला धडा ऐकवायची. मूळ नाव वसई. पोर्तुगीजांनी त्याचं बसाईं केलं. मराठ्यांनी किल्ला घेतला तेव्हा काही काळ बाजीपूर म्हणून पाहिलं, ते टिकलं नाही. मग इंग्रजांनी बसीन केलं. तू मान खाली घालून ऐकायचास आणि सगळं संपल्यावर म्हणायचास, "मास्तरीन, माजा जन्म बसीनचा. ते खोटा हाय काय?"

"अरे, तुझा जन्म वसईचा. तेव्हा तिला बसीन म्हणायचे एवढंच."

"मंग मी पन तेच म्हनतो."

"पण ते नाव इंग्रजांचं होतं."

"नाव इंग्रजांचा. जन्म माजा."

आपला आवाज चढला की आई काही न बोलता उठायची आणि मागे वलांडीकडे जायची, वाळत घातलेले बोंबील उलटे करायला. बोंबील नुकतेच उलटे करून झालेले असले तरी जायची. तिला आपल्या भांडणाचा कंटाळा येतो असं मी समजत होते.

स्टेशनवरची पाटी बदलली तो दिवस मला आठवतो. 'बसीन रोड' जाऊन 'वसई रोड' आलं होतं. मी धावत येऊन तुला सांगितलं. सरकारलाही शेवटी आपलं नाव मान्य झालं, याचा मला केवढा आनंद होता. तू जाळं खाली ठेवलंस.

"सगलीकडं बदलला? कागदावर पन?"

"सगळीकडे. पोस्टात, शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे."

तू शर्ट चढवलास आणि एसटी पकडून स्टेशनला गेलास. कुठे जायचं नव्हतं, कुणाला आणायचं नव्हतं. पाटी बघून दोन तासांनी परत आलास. जेवताना मी विचारलं, "पटलं ना आता?" तू म्हणालास, "रंग चांगला मारलाय." त्या दिवशी तू आणखी काही बोलला नाहीस आणि मी ते माझा विजय म्हणून धरलं.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट ही, की बाकी कुठल्याही नावाचं तुला काही वाटत नसे. बॉम्बेचं मुंबई झालं, तू दुसऱ्या दिवसापासून इंग्रजी बोलतानासुद्धा मुंबई म्हणायला लागलास. मद्रासचं चेन्नई झालं तर म्हणालास, बरं झालं, तिथले खलाशी तेच म्हणत होते. सोपाऱ्याचं जुनं नाव शूर्पारक होतं हे मी सांगितलं तेव्हा तू ते चार वेळा म्हणून बघितलंस आणि हसलास. आपण महानगरपालिकेत गेलो, वसईला विरार जोडलं गेलं. ठाणे जिल्हा जाऊन पालघर आला. तुझी काहीच तक्रार नव्हती. एकाच नावापुढे तू अडून बसायचास. साहेबाची भक्ती म्हणावी तर ती इतर कुठे दिसत नव्हती. मी त्याला तुझा हट्ट म्हणून सोडून दिलं.

शेवटचं भांडण दवाखान्यात झालं. तुला धाप लागत होती म्हणून जॉयस आणि मी तुला घेऊन गेलो होतो. तुझी ही लेक फोनवर कुणाशी तरी बोलत बाहेर उभी होती. काउंटरवरच्या मुलीने नाव, वय विचारलं आणि मग म्हणाली, "आजोबा, गाव?"

"बसीन," तू म्हणालास.

"बेसिन त्या बाजूला आहे, आजोबा. उजवीकडे."

मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, "वसई लिही गं." आणि तुझ्याकडे वळून म्हणाले, "आता तरी वसई म्हण. त्या पोरीला कळत नाही तू काय बोलतोस ते."

तू खुर्चीवर बसून श्वास गोळा केलास. मग म्हणालास, "वसई तुजी. माजी बसीन."

एवढंच. मी म्हटलं, "बरं बाबा." तुला आत नेलं. पुढे चार दिवस तू होतास, पण तोंडावर मास्क होता आणि आपण हातानेच बोललो. ते वाक्य तू आणखी पुढे नेणार होतास का? माझ्या 'बरं बाबा'ने ते तिथेच थांबलं का? या प्रश्नापाशी मी रोज येते आणि रोज तशीच परत जाते.

तुला मातीत ठेवल्यावर आठव्या दिवशी जॉयस सांडोरला माझ्या घरी आली. महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, वाटायची कार्डं छापायची होती. एका बाजूला तुझा फोटो, दुसऱ्या बाजूला प्रार्थना आणि जन्म-मृत्यूच्या ओळी.

"आत्या, बर्थप्लेस काय टाकू? वसई की बसीन? पप्पा कायम बसीन म्हणायचे."

"वसई," मी म्हणाले. "आणि जन्मतारीख नक्की करून घे. आधार कार्डावरची अंदाजाने घातलेली आहे. चर्चमधून बाप्तिस्म्याची नोंद काढू."

नोंद काढायला मीच हट्टाने गेले. नंतर कुणी चूक काढायला नको, असा माझा मास्तरकीचा स्वभाव. फादर तरुण आहेत, नंदाखाल गावचे. त्यांनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. तुझ्या जन्माच्या वर्षात तुझं नाव नव्हतं. पुढच्या वर्षातही नव्हतं. मी म्हटलं, बघा नीट, इनास, बापाचं नाव पास्कू. फादर पानं उलटत गेले आणि तू दोन वर्षांचा असशील त्या वर्षात तुझं नाव सापडलं.

फादरांनी आधी मनात वाचलं. मग म्हणाले, "टीचर, हा सशर्त बाप्तिस्मा आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बाळाचा बाप्तिस्मा आधी दुसरीकडे झाला असावा, पण त्याचे कागद नाहीत. म्हणून पुन्हा दिला. इथे लिहिलंय, आईबापाचे सगळे कागद वाटेत हरवले."

"कुठल्या वाटेत? आमचं घर इथून पाच मिनिटांवर आहे."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वळणदार इंग्रजी अक्षर होतं. जन्माचं ठिकाण, बसीन. मी म्हणाले, "बरोबर आहे. तेव्हा इंग्रजीत बसीनच लिहायचे."

"मलाही आधी तसंच वाटलं," फादर म्हणाले. "पण पुढचा शब्द बघा."

पुढचा शब्द बर्मा होता.

बत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला, दादा. वर्गाच्या भिंतीवर ब्रह्मदेशाचा नकाशा माझ्या हाताने टांगला आणि उतरवला. इरावती नदी समुद्राला मिळते तिथे एक बसीन आहे हे मला माहीत होतं. परीक्षेच्या काळात पोरांना मी गंमत म्हणून सांगायची, आपल्या गावाच्या नावाचं एक बंदर तिकडेही आहे. ही गंमत मी तुलाही एकदा सांगितली होती. तू म्हणाला होतास, "हो काय?"

हो काय, म्हणालास. दुसरं काही नाही. तू त्या वेळी माझ्या तोंडावर खोटं बोललास की खरंच काही बोलू शकला नाहीस?

घरी येऊन मी तुझी पत्रं काढली. तू फार लिहीत नसायचास, सगळी मिळून एका बिस्किटाच्या डब्यात मावतात. त्यात ते पोस्टकार्ड होतं, ज्याच्यावरून मी तुझ्याशी वर्षभर बोलले नव्हते. माझ्या लग्नाच्या वेळचं. तू येतो म्हणाला होतास आणि आला नाहीस. आलं ते रंगूनहून हे कार्ड. पुन्हा वाचलं. "बसीनला जायचा फार प्रयत्न केला, पण सुट्टी दिली नाही. इतक्या जवळ येऊन राहिलं. आईला सांगू नको. तुझ्या लग्नाला माझे आशीर्वाद."

लग्नाआधी ते वाचून मी रडले होते. मला वाटलं, लग्नाला येण्यासाठी सुट्टी मागितली, मिळाली नाही, आणि आईला वाईट वाटेल म्हणून सांगू नको म्हणतोय. मग राग आला, कारण रंगून आपल्याला काही जवळ नाही, आणि दुसऱ्या बोटीवरचे लोक बहिणींच्या लग्नांना येत होते. आता त्याच चार ओळी मी दहा वेळा वाचल्या. तू माझ्या लग्नाला येण्यासाठी सुट्टी मागितली होतीस की नदीने त्या बसीनला जाण्यासाठी? एकच सुट्टी मिळण्यासारखी होती आणि ती तू तिकडे मागितलीस का? मला राग यायला हवा का? मला कळत नाही. कार्डावर तुझ्या हाताने पत्ता लिहिलेला आहे: पाचूबंदर, बसीन, जिल्हा ठाणा. वरती पाठवणाऱ्याचं ठिकाण, रंगून, बर्मा. मी बघत बसले आणि लक्षात आलं की त्या कार्डावरच्या गावांपैकी आज जुन्या नावाने फक्त पाचूबंदर उरलंय.

जॉयसला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "थांब आत्या, सर्च करते." थोड्या वेळाने म्हणाली, "ते पण चेंज झालंय. आता पाथेन म्हणतात त्याला. म्हणजे बसीन नावाचं आता कुठेच काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीकडे गेले. वहिनी ओट्यावर बारीक कोळंबीचा कोलीम निवडत बसली होती. तू गेल्यापासून ती हाताला काम असल्याशिवाय बसत नाही. मी रजिस्टरचं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"लगीन झाला तवाच सांगितला त्यानं."

"पंचावन्न वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"शपथ घातलेली. तुज्या बानं त्याला घातलेली, त्यानं मला."

मग तिने सांगितलं. तू तिला जेवढं सांगितलंस तेवढं तिने मला दिलं, आणि ते फार नव्हतं. लढाईच्या आधी बा तिकडे नदीतल्या आगबोटींवर कामाला होता. आई लग्न होऊन तिकडे गेली. तू तिथेच झालास. लढाई आली, शहरावर जपानी बॉम्ब पडले, आणि तिकडची आपली माणसं मिळेल त्या रस्त्याने निघाली. काही बैलगाडीने, पुढे डोंगरातून पायी. तू आईच्या पाठीवर बांधलेला होतास, वर्षाचासुद्धा नसशील. आणि बाच्या खांद्यावर एक मुलगी होती.

"कोण मुलगी?" मी विचारलं.

"तुमची बहीन. तीन वर्सांची व्हती."

वहिनीने कोलीम बाजूला सारला आणि पदराला हात पुसले. "डोंगरात जुलाब लागले तिला. पानी चांगला नवता. वाटंच्या कडंला पुरली नि पुढं चालाय लागले. थांबता येत नवता. तुजी आय घरी पोचली नि बोलली, त्या गावाचा नाव घरात कोनी काढायचा नाय. कोनी म्हंजे कोनी. तुला तर कायच कलू द्यायचा नवता. तू नंतरची."

"मग दादाला कसं कळलं?"

"पयल्यांदा बोटीवर चालला तवा तुज्या बानं धक्क्यावर सांगितला. बोलला, त्या बाजूला गेलास तर बघ."

 बा दारू न पिता, आवाज न चढवता आयुष्य काढलेला माणूस. त्याने धक्क्यावर उभं राहून एकोणीस-वीस वर्षांच्या तुला हे सांगितलं आणि घरी येऊन आईसमोर नेहमीसारखा जेवायला बसला असेल. हे मला आता डोळ्यांसमोर आणता येत नाही, आणि डोळ्यांसमोरून घालवताही येत नाही.

"आई गेल्यावर तरी सांगायचं होतं," मी म्हणाले. "तीस वर्षं झाली तिला जाऊन."

"आय गेली म्हनून शपथ जाते काय?"

 मग मला आपली भांडणं आठवली, एकेक करून, आणि मला वहिनीसमोर लाज वाटली. मी म्हणाले, "आणि मी त्याला जन्मभर सांगत राहिले, बसीन म्हणू नको, साहेबाचं नाव घेऊ नको."

वहिनी म्हणाली, "त्याला ते आवडायचा."

"काय आवडायचं?"

"तू भांडायचीस ते. बोलायचा, बाय भांडते तवा मला नाव घ्यायला मिलते. नायतर कोनासमोर घेऊ? आयसमोर गावाचा नाव म्हनून चालते, इथला बसीन म्हनून. तिला कलायचा, पन ती कायच बोलू शकत नवती."

दादा, हे वहिनीने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल का? ती तशी बाई नाही, तरी शंका येते. आणि खरं असेल तर ते आणखी अवघड आहे. तू नाव घ्यायचास आणि आई उठून बोंबील उलटे करायला जायची. तुला ते दिसत होतं. तरी घ्यायचास. म्हणजे तू आईला दुखवत होतास, की तिच्याशी बोलत होतास? मी तिथे समोर बसून दोघांच्या मध्ये इतिहासाचा धडा वाचत होते. आणि पाटी बदलली त्या दिवशी मी आनंदाने धावत आले तुला सांगायला. तुझ्याकडे असलेला एकमेव उघड शब्द सरकारने पुसला, आणि मी विचारलं, पटलं ना आता?

मी तेव्हा चूक होते असंही मला म्हणता येत नाही. वसई आपलं नाव आहे. पाटीवर ते यायलाच हवं होतं. आजही तो बदल पुन्हा करायचा असेल तर मी हात वर करीन. पण पाटी बघायला एकटा गेलेला तू मला आता दिसतोस.

मी वहिनीला विचारलं, "तिचं नाव काय होतं? मुलीचं?"

"मला ठाऊक नाय. इनासला बी ठाऊक नवता. तुज्या बानं सांगितला नाय."

मी पुन्हा चर्चमध्ये गेले. फादरांनी त्या काळातली सगळी पानं माझ्याबरोबर बसून बघितली. तिची नोंद असायचं काही कारणच नव्हतं. तिचा बाप्तिस्मा तिकडे झाला आणि मरण वाटेत आलं. तुझी परत नोंद करताना आई-बाने तिच्याबद्दल काही सांगितलं असेल तर ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी फादरांना विचारलं, त्या बसीनच्या चर्चला पत्र लिहिता येईल का. ते म्हणाले, लिहू, पण तिकडची परिस्थिती बरी नाही, आणि लढाईत काय उरलं असेल देव जाणे. पत्र आम्ही लिहिलंय. पत्त्यावर दोन्ही नावं घातलीत, पाथेन आणि खाली बसीन. उत्तर आलेलं नाही, येईल असंही वाटत नाही.

कार्डाचं राहिलं होतं. जॉयस म्हणाली, "आत्या, तू सांगशील ते." मी तिला सांगितलं, जन्म बसीन, एवढंच लिही. ब्रह्मदेश लिहायचं की नाही यावर आम्ही दोघी एक दिवस विचार करत होतो. शेवटी वहिनीने सांगितलं, त्याने कधी लिहिलं नाही, आपण नको. प्रेसवाल्याचा मला फोन आला. सभ्य मुलगा होता.

"मॅडम, बसीन आलंय चुकून. वसई करू का? ते जुनं नाव आहे."

मी म्हणाले, "चुकून नाही. राहू दे."

"लोक विचारतील, मॅडम."

"विचारू देत."

पण कार्ड बघून कुणीच काही विचारलं नाही. सगळ्यांनी बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, हो, इनास बसीनच म्हणायचा.

काल तुझी महिन्याची मिस्सा झाली. आदल्या दिवशी मी फादरांना विचारलं होतं, की इनासच्या बरोबर तिच्यासाठीही प्रार्थना करता येईल का. ते म्हणाले, का नाही, नाव द्या. मी म्हणाले, नाव नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "देवाला ठाऊक आहे. मी बघतो काय म्हणायचं ते."

चर्च भरलं होतं. पाचूबंदरची माणसं होती, तुझ्याबरोबर बोटीवर असलेले दोघे म्हातारे अर्नाळ्याहून आले होते, माझ्या शाळेतले काही जण होते. मी वहिनीच्या शेजारी पहिल्या बाकावर बसले होते. फादर वेदीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आजची मिस्सा आपण इनास आणि त्यांची बहीण, या दोघांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून अर्पण करत आहोत."

सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं.

त्यांचं काही चुकलं नाही. इनासची बहीण म्हणून ते मला एकटीलाच ओळखतात. मागच्या बाकावरच्या सिसिलने, तुझ्या शेजारणीने, माझ्या पाठीला हात लावला, मी आहे की नाही बघायला लावावा तसा. "बाय, फादरची चूक झाली गो. तू तर हितं बसलीस."

मला सत्तर वर्षांची सवय आहे चूक लगेच दुरुस्त करायची. मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी खाली बघत होती. मी ज्या घरात वाढले त्या घरात दोन मुलं होती, आणि ते मी शाळेच्या फॉर्मवर, रेशन कार्डावर, लग्नाच्या कागदावर न अडखळता लिहीत आले होते. सिसिल अजून माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत.

मी मागे वळले आणि हळू आवाजात तिला सांगितलं, "चूक नाही. आम्ही तिघं होतो."